पीएच.डी.ची फेलोशिप: आधी नोंदणीपत्र दुरुस्त करा, मग अर्ज भरा

वाचकाचा प्रश्न

मी बीड जिल्ह्यातली, वय ३३. समाजशास्त्रात एम.ए. (६१ टक्के). नेट (सहायक प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) पास आहे, पण जेआरएफ (त्याच परीक्षेतल्या वरच्या गुणांवर मिळणारी संशोधन फेलोशिप) थोडक्यात हुकली. तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवते. महिन्याला सरासरी बारा हजार पडतात, तेही सहा-सहा महिने अडकून. पीएच.डी.ला प्रवेश झालाय, कोर्सवर्क संपत आलंय, पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) समितीपुढे जाईल. विषय ऊसतोड महिला कामगारांचा. शिकवणं सुटू नये म्हणून प्रवेशाच्या फॉर्मवर ‘अर्धवेळ’ लिहिलं. प्रवर्ग एनटी-ड (भटक्या जमाती-ड), पण नेटच्या फॉर्ममध्ये तो पर्यायच दिसला नाही म्हणून ओपनमधून भरला होता. मला दोन भाऊ आहेत. घरी चार वर्षांची मुलगी, नवऱ्याचं किराणा दुकान. इंटरनेटवर फेलोशिपच्या लांबलचक याद्या सापडतात. त्यातलं माझ्यासाठी नेमकं काय, आणि सीएचबी सोडू का?

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी आधी दुरुस्त करून घ्या. एक, ‘अर्धवेळ’. दोन, नेटच्या फॉर्ममधला ‘ओपन’. या दोन्ही तशाच राहिल्या तर पुढचे सगळे अर्ज वाया जातील, आणि बहुतेक ठिकाणी ते का वाया गेले हेही कुणी कळवणार नाही.

अर्धवेळचं आधी. सामाजिक शास्त्रांतल्या पीएच.डी.साठी मिळणारी जवळपास प्रत्येक फेलोशिप पूर्णवेळ, नियमित संशोधकालाच असते. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) पीएच.डी.बाबतचे २०२२ चे विनियम अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी देतात, पण त्यात नोकरी देणाऱ्याचं ना-हरकत पत्र गृहीत धरलेलं आहे. म्हणजे ती सोय पक्की नोकरी असलेल्यांसाठी आहे. तुमची नेमणूक दर शैक्षणिक वर्षापुरती. अर्धवेळ राहून तुम्ही टिकवताय ती नोकरी दरवर्षी नव्याने मिळवावी लागते, आणि त्यापायी पाच वर्षांच्या फेलोशिपचं दार बंद होतंय.

तेव्हा सिनॉप्सिस समितीपुढे जाण्याआधीच विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागाकडे नोंदणीचा प्रकार बदलण्याचा अर्ज द्या. अर्ज गाईडमार्फत, संशोधन केंद्राच्या प्रमुखाच्या सहीने जाऊ द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. समितीनंतर निघणाऱ्या नोंदणी पक्की झाल्याच्या पत्रावर चार गोष्टी स्पष्ट दिसायला हव्यात: नोंदणीची तारीख, ‘पूर्णवेळ’ हा शब्द, संशोधन केंद्राचं नाव आणि विषयाचं अंतिम शीर्षक. पुढे प्रत्येक कार्यालय हेच पत्र मागतं. शीर्षकात एका शब्दाचा फरक असला तरी फाईल परत येते. सिनॉप्सिसवर ‘महिला’ आणि पत्रावर ‘स्त्रिया’ एवढ्यावरूनही अडतं. म्हणून पत्र हातात पडताच अक्षरन् अक्षर ताडून बघा आणि चूक असेल तर त्याच आठवड्यात शुद्धिपत्र मागा.

आता प्रवर्गाचं. एनटी-ड हा राज्याच्या यादीतला प्रवर्ग. केंद्राच्या यादीत भटक्या जमातींचा वेगळा गट नाही. महाराष्ट्रातल्या या जाती तिथे ओबीसीत येतात. नेटच्या फॉर्ममध्ये एनटी सापडत नाही म्हणून ओपन निवडणारे दर खेपेला भेटतात, आणि त्यात त्यांचं दुहेरी नुकसान होतं. जेआरएफचा कट-ऑफ प्रवर्गनिहाय लागतो, तर तुमची गणना ओपनच्या यादीत झाली. शिवाय ओबीसींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप, जिच्यात वर्षाला १००० जागा आहेत, तिची निवडही नेटच्या निकालावरूनच होते. तिथे तुमचं नावच पोचलं नाही.

त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र लागतं. राज्याचं नॉन-क्रीमीलेयर असलं तरी हे वेगळं काढावं लागतं. सेतू केंद्रात किंवा ‘आपले सरकार’वर अर्ज करताना ‘केंद्र सरकारच्या नमुन्यात’ असं आवर्जून सांगा, नाहीतर हातात पुन्हा राज्याचंच येतं. तुमची जात केंद्राच्या यादीत कोणत्या नावाने आणि कोणत्या स्पेलिंगने आहे ते आधी बघून घ्या. प्रमाणपत्रावर तेच हवं.

वयाची काळजी करू नका. जेआरएफला मर्यादा ३० वर्षांची असली तरी स्त्रियांना आणि ओबीसींना पाच वर्षांची सूट आहे. नेट वर्षातून दोनदा होते, म्हणजे तुमच्या हातात अजून तीन-चार संधी आहेत. पेपर एक १०० गुणांचा, पेपर दोन २०० गुणांचा, एकूण १५० प्रश्न आणि तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. समाजशास्त्राचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत येतो, मराठीत नाही. मराठी माध्यमातून एम.ए. केलेल्यांचे गुण बहुधा इथेच जातात. सिद्धान्त माहीत असतो, पण त्याचा इंग्रजी शब्द प्रश्नात पटकन ओळखता येत नाही. जुन्या दहा प्रश्नपत्रिका इंग्रजीतूनच सोडवा आणि अडलेल्या संज्ञांची वही करा. पेपर एककडे बरेच जण दुर्लक्ष करतात. जेआरएफ थोडक्यात हुकलेल्याला सगळ्यात लवकर वाढवता येणारे गुण त्याच पेपरात असतात: तक्त्यावरची गणितं, उताऱ्यावरचे प्रश्न, तर्काचे प्रश्न. राज्याच्या सेट परीक्षेने सहायक प्राध्यापकाची पात्रता मिळते, फेलोशिप मिळत नाही. तिच्यामागे आता वेळ घालवू नका.

एवढा आग्रह का, ते आकड्यांत बघा. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफचा दर महिना ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनी प्रगतीचं मूल्यमापन होऊन तो ४२,००० होतो आणि पुढे तीन वर्षं चालतो. पूर्ण पाच वर्षं मिळाली तर २४ लाख रुपये. शिवाय वसतिगृहात राहत नसाल तर शहराच्या वर्गाप्रमाणे घरभाडं, आणि सामाजिक शास्त्रांसाठी आकस्मिक खर्चाला पहिली दोन वर्षं दहा-दहा हजार, नंतर वर्षाला २०,५००. याच्या तुलनेत आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, पूर्ण मुदतीच्या डॉक्टरल फेलोशिपमध्ये महिना २०,००० आणि वर्षाला २०,००० आकस्मिक खर्च देते, तेही जास्तीत जास्त दोन वर्षं. एकूण ५ लाख २० हजार. दोन्ही मोलाच्याच, पण एकीवर घर चालतं आणि दुसरीवर संशोधनाचा खर्च निघतो. जेआरएफची पाच वर्षं प्रबंध सादर होईपर्यंतच धरतात हेही लक्षात ठेवा. नोंदणीनंतर तीन वर्षांनी ती मिळाली तर पूर्ण लाभ हाती येणार नाही. म्हणून येत्या दोन परीक्षाच तुमच्यासाठी महत्त्वाच्या.

राज्याच्या बाजूने तुमची संस्था महाज्योती. नागपूरची ही संस्था ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या पीएच.डी. संशोधकांना फेलोशिप देते. इथे नेट लागत नाही. पक्की नोंदणी, पूर्णवेळ संशोधन, महाराष्ट्राचं अधिवास, जातीचं आणि नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र हे लागतं. (इतर वाचकांसाठी: अनुसूचित जातींना बार्टी, मराठा-कुणबी गटांना सारथी.) या फेलोशिपचा दर जेआरएफला जोडलेला आहे. पण एक गोष्ट सरळ सांगायला हवी. या संस्थांच्या जाहिराती दरवर्षी ठरल्या महिन्यात येत नाहीत. जागा किती, चाळणी परीक्षा घ्यायची की नाही, पैसे कोणत्या तारखेपासून द्यायचे यावरून गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांना उपोषणं करावी लागली आहेत. हक्काचा पैसा असा ताटकळत ठेवणं संशोधकांवर अन्यायाचं आहे, आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. घरखर्चाचं गणित मात्र त्या पैशावर बांधू नका. अर्ज जरूर करा. कागदपत्रांचा संच आधीच तयार ठेवा, कारण जाहिरात आली की मुदत थोडी असते आणि तेवढ्यात तहसीलचे दाखले होत नाहीत.

त्या लांबलचक यादीतली बाकीची नावं भराभर खोडून टाकू. मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद आहे, जुन्या याद्यांत अजून दिसते. पंतप्रधान संशोधन फेलोशिप विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांची. एकुलत्या एक मुलींसाठीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप नेटशिवाय मिळते आणि फार चांगली आहे, पण तुम्हाला भाऊ आहेत. आदिवासी संशोधकांची राष्ट्रीय फेलोशिप (वर्षाला ७५० जागा) एम.ए.च्या गुणांवर मिळते, ती तुमची नाही. नेटशिवाय महिना ८,००० देणारी योजना केंद्रीय विद्यापीठांतच आहे. राज्य विद्यापीठात नोंदणी असल्याने तीही नाही. फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप सहा ते नऊ महिने अमेरिकेत नेते, पण ती भारतात नोंदणी होऊन निदान वर्षभर काम केलेल्यांसाठी. मुलगी थोडी मोठी झाली की तिचा विचार करा.

तर खरी कामाची नावं तीन: जेआरएफ किंवा ओबीसी राष्ट्रीय फेलोशिप, महाज्योती, आयसीएसएसआर. पहिली परीक्षेवर, दुसरी कागदांवर, आणि तिसरी प्रस्तावावर. तुमची खरी ताकद तिसरीत दिसू शकते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

आयसीएसएसआरला ५५ टक्क्यांची एम.ए., पक्की नोंदणी आणि संस्थेची शिफारस लागते. तुम्ही ४० च्या आतल्या, त्यामुळे वय आड येत नाही. निवड होते ती प्रस्तावावरून. तुम्ही पाठवलेलं शीर्षक असं: ‘मराठवाड्यातील ऊसतोड महिला कामगारांच्या समस्यांचा समाजशास्त्रीय अभ्यास’. परीक्षकासमोर अशा घाटाची शीर्षकं ढिगाने येतात. ‘समस्या’ म्हटलं की मजुरी, आरोग्य, मुलांची शाळा, व्यसन, कर्ज सगळंच आलं. आठ जिल्ह्यांचा मराठवाडा एकटी संशोधक दोन वर्षांत कसा फिरणार, हा प्रश्न तो पहिल्याच ओळीला विचारतो.

प्रश्न लहान करा. ऊसतोडीत कोयता म्हणजे जोडपं. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मुकादमाकडून (मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून) कोयत्यावर घेतली जाते, व्यवहार बहुधा नवऱ्याशी होतो, पण ती फेडण्यात निम्मे श्रम बाईचे. मग उचलीची रक्कम ठरते तेव्हा ती तिथे असते का? पैसे कशावर खर्च करायचे यात तिचं मत असतं का? हंगाम संपताना फिटली नाही तर पुढच्या वर्षी जायचं की नाही हे ती ठरवू शकते का? आजारपणात खाडा पडला तर त्याची वसुली कुणाच्या हिशेबातून होते? हा एकच धागा धरा: ‘उचल, कोयता आणि स्त्रीचा निर्णयाधिकार: बीड जिल्ह्यातील दोन तालुक्यांचा अभ्यास’. उद्दिष्टं चारच ठेवा. दहा उद्दिष्टं लिहिणाऱ्याला आपला प्रश्न अजून सापडलेला नाही, असंच परीक्षक समजतो.

पद्धतीत आकडे हवेत. उदाहरणार्थ, दोन तालुक्यांतली चार गावं, दर गावातून ३० कोयते, म्हणजे १२० जोडपी. नवरा-बायकोची मुलाखत वेगवेगळी. त्यातल्या २० स्त्रियांच्या दीर्घ मुलाखती, आणि सोबत ८-१० मुकादम. गावं का निवडली, नमुना कसा काढणार (ग्रामपंचायतीची यादी, की टोळीनिहाय) हेही लिहा. ‘प्रश्नावली, मुलाखत व निरीक्षण तंत्राचा वापर केला जाईल’ एवढंच वाक्य असलेले प्रस्ताव मागे पडतात. बीडमधल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली होती. तुमच्या विषयाला तो प्रश्न लागून आहे. तुम्ही आरोग्याचे प्रश्न विचारणार असाल तर संमती कशी घेणार, नावं कशी झाकणार, मुकादमाच्या देखत मुलाखत होणार नाही याची काळजी कशी घेणार, हा परिच्छेद असलाच पाहिजे. तो असला की प्रस्ताव गंभीर वाटतो, आणि त्या बायकांच्या दृष्टीनेही ते गरजेचं आहे.

वेळापत्रक हंगामाला बांधा. कारखाने ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतात. त्या काळात तुमची गावं रिकामी असतात आणि माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर, कोप्यांमध्ये (तात्पुरत्या झोपड्यांत). घरची मुलाखत मे ते सप्टेंबरमध्येच होणार. उचलीचे व्यवहार पावसाळ्यात ठरतात, ते बघायचे तर तेव्हाच गावात हवं. फेलोशिप २४ महिन्यांची आहे, म्हणजे हंगाम दोनच मिळतात. मंजुरीचं पत्र फेब्रुवारीत आलं आणि तुम्ही प्रस्तावात ‘पहिले सहा महिने साहित्याचा आढावा’ लिहिलेलं असेल, तर नेमका गावात माणसं असण्याचा काळ वाचनालयात जाईल. तो आढावा मंजुरीच्या आधीच उरका. मुंबईत कलिना संकुलात आयसीएसएसआरचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, मुंबईला गेलात तर तिथलं ग्रंथालय बघा.

प्रस्ताव इंग्रजीत लिहायचा असेल तर आधी मराठीत पूर्ण लिहा आणि मग इंग्रजी करा. थेट इंग्रजीत लिहिताना माणूस माहीत असलेलं सोडून ओळखीची वाक्यं जुळवतो. ‘उचल’, ‘कोयता’, ‘मुकादम’ हे शब्द तसेच ठेवा आणि एका ओळीत अर्थ द्या.

आता सीएचबी. हे सत्र पूर्ण करा, पुढच्या वर्षीची नेमणूक स्वीकारू नका, आणि नोंदणी पूर्णवेळ होण्याची तारीख त्यानंतरची येईल असं बघा. दोन्ही एकाच काळात दिसले तर पुढे वसुली निघते. सोडताना तारखेसह कार्यमुक्तीचं पत्र घ्या, फेलोशिपचं कार्यालय ते मागू शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्या तासिकांची बिलं प्राचार्यांच्या सहीने पुढे गेल्याशिवाय निघू नका. ते थकलेले पैसे पुढच्या सहा महिन्यांत येतील आणि मधल्या कोरड्या काळात तेच उपयोगी पडतील. अर्ज, निवड, रुजू अहवाल, मग पहिला हप्ता, यात आठ-दहा महिने सहज जातात. तेवढ्या काळाचा खर्च दुकानातून निघेल का, हे घरी बसून आजच कागदावर मांडा. निघत नसेल तर एक सत्र थांबा, पण कर्ज काढून पीएच.डी. करू नका. शिकवण्याची सवय मोडेल ही भीती वाटत असेल तर २०२२ च्या विनियमांत संशोधकाला आठवड्याला चार ते सहा तास अध्यापनसाहाय्य देण्याची तरतूद आहे. ते काम संशोधन केंद्रात मागा.

मंजुरी मिळाली म्हणजे पैसे सुरू झाले असं नाही. जेआरएफची रक्कम कॅनरा बँकेच्या पोर्टलवरून थेट खात्यात येते, पण दर महिन्याला विद्यापीठातून एकाने तुमची उपस्थिती भरायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची असते. यांना मेकर आणि चेकर म्हणतात. यांतला एक रजेवर गेला की त्या महिन्याची फेलोशिप अडकते. रुजू होताच हे दोघं कोण ते विचारून घ्या आणि महिनाअखेरीला आठवण करा. खातं आधारशी जोडलेलं आणि नाव सगळीकडे एकच हवं. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर एम.ए.ची गुणपत्रिका, आधार आणि बँक यांतला फरक आताच राजपत्रातल्या नोंदीने किंवा प्रतिज्ञापत्राने मिटवा. जेआरएफच्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मूल्यमापन समिती बसावी लागते. तिची तारीख दोन महिने आधीच गाईडकडून ठरवून घ्या, नाहीतर वाढीव दर लांबतो.

एका वेळी एकच फेलोशिप घेता येते, तसं हमीपत्र प्रत्येक ठिकाणी लिहून द्यावं लागतं. आयसीएसएसआर चालू असताना जेआरएफ लागली तर आधी आयसीएसएसआरला लेखी कळवा, त्यांचं सोडपत्र घ्या, आणि मगच जेआरएफचा रुजू अहवाल द्या. दोन्हीकडचे महिने एकमेकांवर चढले तर तेवढी रक्कम परत भरावी लागते. म्हणून पहिल्या हप्त्यापासून एका वहीत कोणत्या महिन्याचे, कुठून, किती आले हे लिहीत जा आणि आकस्मिक खर्चाची बिलं तारखेनुसार त्याच वहीत लावत चला.

या आठवड्यात करण्यासारखं: सोमवारी नोंदणीचा प्रकार बदलण्याचा अर्ज गाईडच्या टेबलावर, आणि त्याच दिवशी येताना सेतूत केंद्राच्या ओबीसी प्रमाणपत्राचा अर्ज. नेटचा पुढचा फॉर्म सुटायच्या आत ते हातात असू द्या.